वयाच्या खुणा कोणत्या आणि आजाराच्या कोणत्या? शिबिराच्या नोंदपत्रकासाठी मदत हवी

प्रश्न: शिबिर_संयोजक

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं आरोग्य तपासणी शिबिर ठरलं आहे. येणारे बहुतेक साठ ते पंच्याऐंशीच्या दरम्यानचे. तपासणी करणारी मुलं-मुली कॉलेजातली, वैद्यकीय शिक्षण कुणाचंच नाही. डॉक्टर एकच आणि तेही फक्त दोन तास. त्यामुळे मुलांनी आधी डोक्यापासून पायापर्यंत बघून नोंद करायची आणि ज्यांना खरंच गरज आहे त्यांना रांगेत पुढे घ्यायचं, असा विचार आहे.

पत्रकाचे रकाने सध्या असे आहेत: केस, त्वचा, नखं, डोळे, कान, उंची, पाठ, सांधे, चाल. साधनं: शिंप्याची टेप, वजनकाटा, टॉर्च, रक्तदाबाचं डिजिटल यंत्र आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच.

अडचण अशी की मुलांना सगळंच आजारासारखं दिसतं आणि खुद्द आजी-आजोबांना सगळंच वयाचं वाटतं. यातलं वयाबरोबर जवळपास प्रत्येकाला होणारं काय, "वय झालं" म्हणून सोडू नये असं काय, आणि अशा साधनांनी ते मोजायचं कसं, हे जाणकारांनी सांगावं.

---

प्रतिसाद १: फिजिओ_मिरज

मुलांना आधी एकच गोष्ट शिकवा. वय शरीरावर सावकाश आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखं दिसतं. बदल एकाच बाजूला असेल, किंवा काही आठवड्यांत-महिन्यांत झालेला असेल, तर त्याला वय म्हणू नये. याला अपवाद आहेत, पण पहिली चाळणी म्हणून ही पुरते.

आता उंची. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण एक सेंटिमीटर उंची कमी होते, सत्तरीनंतर वेग थोडा वाढतो. मणक्यांमधल्या चकत्या सुकून चपट्या होतात, पाठीचा बाक वाढतो, तळपायाची कमान बसते. इथवर ते वयाचं. पण तरुणपणीच्या उंचीपेक्षा 4 सेंमी किंवा त्याहून जास्त घट असेल, किंवा मागच्या शिबिरातल्या नोंदीपेक्षा 2 सेंमी कमी भरली, तर मणका दबून मोडलेला असण्याची शक्यता धरायची. अशा फ्रॅक्चरमध्ये बऱ्याचदा फारसं दुखतही नाही, म्हणून ते कळत नाही. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांत हे विशेष बघा.

मोजताना चपला काढा, अंबाडा सोडा, टाचा आणि ढुंगण भिंतीला टेकवा. कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत हवी. हनुवटी वर केली की उंची चुकते. डोक्यावर पुठ्ठ्याचा काटकोन ठेवून भिंतीवर खूण करा आणि मग टेप लावा. तरुणपणीची उंची बहुतेकांना आठवत नाही. तिथे दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. हाताची लांबी वयानं कमी होत नाही, त्यामुळे जुन्या उंचीचा ढोबळ अंदाज येतो. दोन-तीन सेंमीचा फरक तरुणपणीही असतो, तो धरू नका.

तिथेच भिंतीपाशी आणखी दोन गोष्टी होतात. टाचा-पाठ टेकवून सरळ समोर बघताना डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का? लागत नसेल तर मधलं अंतर पट्टीनं मोजून लिहा. मग मागे उभं राहून कुशीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बोटं घाला. दोन बोटंही मावत नसतील तर कमरेच्या मणक्यांचा एक्स-रे हवा. बायकांची ही तपासणी मुलीनंच करावी आणि आधी विचारून करावी.

स्नायू: तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतातच, साठीनंतर जास्त. दंड आणि मांड्या बारीक होतात, पोट सुटतं, म्हणजे वजन तेवढंच राहिलं तरी आतला हिशोब बदललेला असतो. म्हणून निव्वळ वजनावर जाऊ नका. बसवून, गुडघा काटकोनात ठेवून पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. टेप त्वचेला टेकलेली हवी, आवळलेली नको. आशियाई लोकांसाठीचे आकडे असे आहेत: पुरुषांत 34 आणि बायकांत 33 सेंमीपेक्षा कमी असेल तर नोंद करायची. पायावर सूज असेल तर हा आकडा फसवा येतो.

त्यानंतर खुर्ची. हात नसलेली, 43 ते 45 सेंमी उंचीची, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर घट्ट बांधून पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. "सुरू" म्हटल्यापासून पाचव्यांदा उभं राहीपर्यंतचा वेळ घ्या. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी आहे. आधी हात बांधून एकदाच उठायला सांगा. ते जमलं नाही तर पुढची चाचणी करू नका, "हाताशिवाय उठता येत नाही" एवढंच लिहा.

चालणं मोजायला दहा मीटरची मोकळी जागा घ्या. मधल्या 6 मीटरवर खडूच्या दोन रेघा मारा, अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर सोडा. रोजच्या चालीनं चालू द्या आणि फक्त मधल्या सहा मीटरचा वेळ घ्या. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागला तर वेग मंद. पाऊल आखूड होणं, पाय थोडे फाकून टाकणं, वळायला दोन पावलं जास्त लागणं हे वयाबरोबर येतं. पण चालताना एकच हात हलत नाही, पाय फरपटतात, दाराच्या उंबऱ्यापाशी पाय चिकटल्यासारखे थांबतात, किंवा हात मांडीवर निवांत असताना अंगठा-तर्जनी वात वळल्यासारखी हलतात, हे वय नव्हे. त्यांना पार्किन्सनच्या शंकेनं डॉक्टरांकडे पाठवा. कप धरल्यावरच हात थरथरतो तो प्रकार वेगळा असतो, तोही लिहून ठेवा.

सांध्यांत, बोटांच्या शेवटच्या आणि मधल्या पेरांवर हाडासारख्या कडक गाठी आणि सकाळचा अर्ध्या तासाच्या आतला ताठरपणा ही सांध्यांच्या झिजेची लक्षणं. हात आणि बोटं जोडणारे सांधे मऊ सुजलेले, गरम असतील आणि सकाळी तासाहून जास्त आखडत असतील तर तो आमवात असू शकतो. त्याला लवकर औषध लागतं, नाहीतर सांधा वाकडा होतो.

---

प्रतिसाद २: त्वचा_नखे_केस

वरच्या प्रतिसादातल्या नियमाला त्वचेत एक मोठा अपवाद आहे. आपण ज्याला चेहऱ्याचं म्हातारपण म्हणतो त्यातला बराच भाग उन्हाचा असतो, वयाचा नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे दंडाची आतली बाजू आणि मनगटाची बाहेरची बाजू शेजारी-शेजारी बघणं. दंडाच्या आत दिसतं ते वय: पातळ, बारीक सुरकुतलेली, पण एकसारख्या रंगाची त्वचा. मनगटावर दिसतं ते वय अधिक ऊन: डाग, खरखरीतपणा, ठळक रेघा. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाच्या मानेवर चौकटी-चौकटीच्या खोल चिरा दिसतात, त्या उन्हाच्या. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याची उजवी बाजू खिडकीकडे असते, त्यामुळे ड्रायव्हरच्या उजव्या गालावर आणि उजव्या हातावर या खुणा जास्त दिसू शकतात. तेव्हा इथे एका बाजूला म्हणजे आजार, असं नाही.

मुलांना घाबरवणाऱ्या पण साध्या खुणा: छाती-पोटावरचे गुंजेएवढे किंवा त्याहून लहान लालभडक ठिपके. पाठीवर, कपाळावर, गालावर वरून चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी-काळे खरखरीत उंचवटे. पायाच्या नडगीवरचे आणि हातावरचे दोन ते पाच मिलिमीटरचे पांढरे गुळगुळीत ठिपके.

या पांढऱ्या ठिपक्यांवर थोडं थांबतो, कारण शिबिरात इथेच चूक होते. वयाच्या ठिपक्यांत संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात ती बहुधा कमी झालेली असते, चट्टा मोठा असतो आणि तिथे केस विरळ व घाम कमी असतो. कापसाचं टोक काढा, आधी निरोगी त्वचेवर टेकवून दाखवा, मग डोळे मिटायला सांगा आणि चट्ट्यावर टेकवा. कुठे टेकवलं ते बोटानं दाखवायचं. दाखवता आलं नाही तर लगेच नोंद. कापूस घासत नेऊ नका, टेकवून उचला. ओळख वेळेत पटली तर हा आजार औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत.

मानेवर आणि काखेत लोंबणाऱ्या बारीक चामखिळी वयाबरोबर वाढतात. पण त्यांच्यासोबत मानेची त्वचा काळी, जाड, मखमली झालेली असेल तर साखर तपासायला सांगा.

हाताच्या पाठीवर आणि मनगटाच्या वर येणारे, न दुखणारे जांभळे डाग: त्वचेखालचा आधार कमी झाल्यानं नुसत्या धक्क्यानंही रक्त उतरतं. एक ते तीन आठवड्यांत ते जातात, मागे तपकिरी छटा राहते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते विचारा. असेच डाग पोटावर, पायांवर असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते वयाचं नाही. आणि बायकांच्या दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराचे डाग असतील तर घरचं कुणी जवळ नसताना मारहाण होते का ते हळूच विचारायला हवं. हे काम मुलांवर सोडू नका.

तातडीच्या यादीत: चार आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम. आकार किंवा रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ. तळपायावरचा नवीन काळा डाग, किंवा एकाच नखातली रुंद होत चाललेली काळी रेघ. आपल्या लोकांत त्वचेचा काळा कर्करोग दिसला तर तो बऱ्याचदा तळवे आणि नखांत दिसतो, म्हणून मोजे काढल्याशिवाय तपासणी झाली असं समजू नका.

नखांवरच्या उभ्या रेघा वयाच्या. सगळ्या नखांवर एकाच उंचीला आडवी खाच असेल तर दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठं आजारपण येऊन गेलेलं असतं. चमच्यासारखी खोलगट नखं म्हणजे बहुतेक वेळा लोहाची कमतरता.

केसांचं थोडक्यात: पांढरे होणं, विरळ होणं, काखेतले केस कमी होणं, पुरुषांच्या कानात आणि बायकांच्या हनुवटीवर राठ केस येणं हे सगळं वयाचं. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा गळणं वयात बसू शकतं, पण सोबत थकवा आणि बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइड तपासा.

---

प्रतिसाद ३: नेत्र_श्रवण_तंत्रज्ञ

डोळ्यांत वयाचं काय: चाळिशीनंतर भिंग ताठ होतं आणि वर्तमानपत्र लांब धरावं लागतं. दोन्ही बाहुल्या लहान होतात. भिंग पिवळसर होतं. या सगळ्यामुळे साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढाच प्रकाश पोचतो. म्हणून वाचनाची तपासणी मांडवाच्या सावलीत घेऊ नका, खिडकीजवळ घ्या. बुबुळाच्या कडेचं राखाडी-पांढरं कडं साठीनंतर सर्रास दिसतं. तेच पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर कोलेस्टेरॉल बघावं लागतं.

एका गोष्टीवर मुलांनी कान टवकारावेत: "माझा जवळचा चष्मा सुटला, आता बिनचष्म्याचं वाचता येतं." लोक हे आनंदानं सांगतात. बहुतेकदा मोतीबिंदूनं भिंगाचा गाभा घट्ट होऊन नंबर उलटा सरकलेला असतो. अशा माणसाचं लांबचं दिसणं नक्की कमी झालेलं असतं.

दृष्टी एकेक डोळा झाकून, लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच बघा. झाकायला तळहात वापरा, बोटं नको, फटीतून दिसतं. जाड काळ्या कार्डाला सुमारे एक-दीड मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा. भोकातून ओळ स्पष्ट झाली तर बहुधा चष्म्याचं काम आहे. नाही झाली तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा विचार. मग आलेखाच्या कागदावर मध्ये ठिपका काढून तो जवळच्या चष्म्यातून एका डोळ्यानं बघायला सांगा. रेषा वाकड्या किंवा मधला भाग पुसट दिसला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात. एक पापणी अचानक उतरली, बाहुल्या लहान-मोठ्या झाल्या किंवा एकाचे दोन दिसू लागले तर त्याच दिवशी.

काचबिंदू बाहेरून दिसत नाही आणि या तपासणीत सापडणार नाही. पत्रकावर तसं छापा, नाहीतर "शिबिरात डोळे चांगले निघाले" म्हणून लोक पुढची तपासणी टाळतात.

कान: वयाचा बहिरेपणा दोन्ही कानांत, आणि आधी उंच पट्टीचा. स, श, फ, थ ही व्यंजनं हरवतात, स्वर ऐकू येतात. त्यामुळे "आवाज येतो पण बोललेलं कळत नाही" अशी तक्रार असते. तपासताना पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहा. त्यांच्या दुसऱ्या कानासमोरचा कुर्चेचा उंचवटा बोटानं दाबून हलकेच चोळत राहा. श्वास पूर्ण सोडून मग कुजबुजा: "सहा, क, पाच." जमलं नाही तर वेगळे तीन घ्या. सहापैकी तीनही सांगता आले नाहीत तर तपासणी हवी. आधी टॉर्चनं मळ बघा, पण काडी घालू नका. एकाच कानाचं ऐकू येणं दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर शिबिराच्या डॉक्टरांचीही वाट बघू नका. सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा, याच्या उपचाराला पहिले दिवस फार महत्त्वाचे असतात.

---

शिबिर_संयोजक

खूप आभार. तीन शंका. रक्तदाब "शंभर अधिक वय" एवढा चालतो असं इथले बरेच जण म्हणतात, ते कितपत खरं? हाताची कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का ते बघतात, ते मुलांना शिकवू का? आणि विसरभोळेपणाचा रकाना ठेवावा का?

---

प्रतिसाद ४: कुटुंबवैद्य

"शंभर अधिक वय" पत्रकातूनच नव्हे, डोक्यातूनही काढून टाका. रक्तवाहिन्या ताठर झाल्यानं वरचा आकडा वयाबरोबर वाढतो आणि पन्नाशी-साठीनंतर खालचा थोडा उतरतो, हे खरं. पण असं बहुतेकांना होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. 170/75 असलेल्या आजोबांना पक्षाघाताचा धोका आहेच. 140 किंवा 90 ओलांडलं की नोंद. पाच मिनिटं शांत बसवून, लघवीला जाऊन आल्यावर, अर्धा तास चहा-तंबाखू नसताना, हात हृदयाच्या पातळीला टेकवून दोनदा मोजा.

त्याहून महत्त्वाचं, उभं करून मोजा. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर पडण्याचा धोका आहे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या यामागे असतात, म्हणून सगळ्यांना गोळ्यांची पिशवी सोबत आणायला सांगा. उभं असताना जवळ एक जण पकडायला हवा.

चिमटीची रीत म्हाताऱ्या हातावर उपयोगाची नाही. त्वचेचा ताणच गेलेला असतो, पाणी पुरेसं असलं तरी चिमटी तशीच राहते. शिवाय वयाबरोबर तहान मंदावते, त्यामुळे "तहान नाही" यावरही जाऊ नका. कोरडी जीभ, कोरडी काख, कमी आणि गडद लघवी, नव्यानं आलेली ग्लानी हे बघा.

विसरण्याचा रकाना ठेवा, पण प्रश्न घरच्या माणसाला विचारा. नाव पटकन न आठवणं आणि तासाभरानं आठवणं वयात बसतं. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं, ओळखीच्या गल्लीत चुकणं, जन्मभर केलेली आमटी करताना पायऱ्या उलटसुलट होणं हे बसत नाही. आणि दोन दिवसांत अचानक बरळायला लागणं, दिवसा झोपून राहणं ही वेगळीच, तातडीची गोष्ट आहे. म्हातारपणी न्यूमोनियात किंवा लघवीच्या संसर्गात ताप न येताही हेच पहिलं लक्षण असू शकतं.

पहिल्या प्रतिसादातल्या चाळणीला माझी एक दुरुस्ती. दोन्ही बाजूंना सारखं आहे म्हणून वय समजू नका, अशा काही गोष्टी पत्रकावर ठळक छापा. दोन्ही पायांवरची सूज: नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबा, खड्डा राहिला तर हृदय, किडनी किंवा रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी. दोन्ही तळपायांची बधिरता म्हणजे बहुधा मधुमेह किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. आणि वजन: सहा ते बारा महिन्यांत आपोआप 5 टक्के घटलं, म्हणजे 60 किलोच्या माणसात 3 किलो, तर कारण शोधायलाच हवं. जुनं वजन ठाऊक नसेल तर बांगड्या निसटतात का, ब्लाउज सैल झाला का, पट्ट्याला नवीन भोक पाडलं का, ते विचारा. सोबत दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी.

---

प्रतिसाद ५: दंत_आरोग्य

तुमच्या रकान्यांत तोंड नाहीच! दात पिवळसर होणं, झिजणं, हिरडी थोडी खाली सरकणं वयाचं. दात पडणं वयाचं नाही, ते किडीमुळे आणि हिरडीच्या आजारामुळे. तोंड कोरडं पडणंही बहुधा गोळ्यांमुळे. कवळी काढायला सांगा, मगच टॉर्च मारा. गालाची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेला व्रण, किंवा स्वतःची तीन बोटं उभी मावत नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यातलं काहीही असेल तर पाठवा. तंबाखूबद्दल विचारताना मशेरीचं नाव घेऊन विचारा. "तंबाखू खाता का" म्हटलं की मशेरी लावणाऱ्या आजी मनापासून "नाही" म्हणतात.

आवाज: पुरुषांचा वयानं बारीक होतो, बायकांचा जडावतो. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज मात्र घसा तपासणाऱ्याकडे.

---

शिबिर_संयोजक

तोंड, वजन, पायांची सूज आणि गोळ्यांची पिशवी वाढवतो. आता क्रम कसा लावू? एका माणसामागे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त देता येणार नाहीत.

---

प्रतिसाद ६: फिजिओ_मिरज

वजन-सूजेची दुरुस्ती मान्य, माझ्या नियमाच्या खालीच छापा.

क्रम असा लावा की विश्रांतीची पाच मिनिटं फुकट जाणार नाहीत. आल्यावर आधी लघवीला पाठवा, मग सतरंजीवर आडवं करा. खाली बसून उठता येत नसेल तर बाक वापरा. त्या पाच मिनिटांत पायमोजे काढून तळपाय, नखं, नडगी, सूज बघून होते आणि गोळ्यांची नावं लिहून होतात. मग आडवा रक्तदाब, उभं करून दोनदा, आणि त्या तीन मिनिटांतच भिंतीपाशी उंची. मात्र उंची घेताना यंत्राचा पट्टा हातावरच राहू द्या आणि चक्कर येते का विचारत राहा. ज्यांचा दाब उतरला त्यांना खुर्चीची आणि चालण्याची चाचणी द्यायची नाही, थेट डॉक्टरांच्या रांगेत. बाकीच्यांचं बसून तोंड, डोळे, कान, पोटरी. शेवटी खुर्ची आणि सहा मीटर, कारण त्यानं धाप लागते आणि त्यानंतरचा रक्तदाब उपयोगाचा नसतो. आडवा-उभा रक्तदाब सगळ्यांचा जमत नसेल तर निदान चक्कर येणाऱ्यांचा, वर्षभरात पडलेल्यांचा आणि पाचपेक्षा जास्त गोळ्या घेणाऱ्यांचा घ्याच. बाकीच्यांचा बसून.

उंची, पोटरी, वजन आणि खुर्चीचे सेकंद एका कार्डावर तारखेसह लिहून त्यांच्याच हातात द्या, पुढच्या वर्षी 2 सेंमीचा फरक त्यावरूनच कळेल.